आतून बांधलेली भिंत

ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण चाळीस वर्षं गवंडीकाम केलं की खरं नाव झिजून जातं आणि लोक हाताला येईल ते नाव ठेवतात. याच्या खिशात कायम ओळंबा असायचा. दोरीच्या टोकाचं ते लोखंडी वजन भिंतीला लावायचं आणि ती सरळ उभी आहे की कलली आहे ते बघायचं. कुणाच्या घरी चहाला गेला तरी हा आधी बोटाने दोरी धरून तिथली भिंत बघणार, मग कपाला हात लावणार. बायको म्हणायची, "अहो, निदान माणसांना तरी तो लावू नका. एक जण सरळ निघायचा नाही." हा म्हणायचा, "म्हणून तर भिंतींशी सोयरीक केली."

स्वतः राहायचा मात्र भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि त्यातली पलंगासमोरची भिंत वर जाता जाता चांगली दोन बोटं आत झुकलेली. एकतीस वर्षं डोळे उघडले की पहिली तीच समोर. घरमालक हात लावू देईना. "पडत नाही ना? मग असू दे." चांभाराच्या बायकोला चप्पल नाही म्हणतात, तसा प्रकार.

बायकोनेही त्याच्या हाताखाली घमेली वाहिली होती. पोटुशी राहिली तेव्हा सहाव्या महिन्यापर्यंत वाहिली आणि मग घमेलं खाली ठेवून म्हणाली, "आता पोटातलं हे जे कोण आहे, ते घमेलं उचलणार नाही." झाली मुलगी. शिकली, सवरली, आणि नशिबाचा खेळ बघा, शिकून आली ती बांधकामावरच. शहराच्या मधोमध एक्केचाळीस मजल्यांचा ऑफिसांचा मनोरा उठत होता, तिथे ती सेफ्टी ऑफिसर झाली. कुणी पट्टा बांधला नाही, कुणी कठड्याबाहेर वाकलं, की ही शिट्टी फुंकणार. तिथेच बाप गवंडी. साइटवर तो तिला "मॅडम" म्हणे आणि ती त्याला "मिस्त्री". हे दोघांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. बाहेर सगळ्यांना ठाऊक होतं, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, ते चारचौघांत कशाला दाखवायचे?

त्या मनोऱ्यात खरं तर गवंड्याचं काम उरलेलंच नव्हतं. आधी मधोमध काँक्रीटचा कणा वर चढत जायचा. लिफ्ट, जिने, वायरी, सगळं त्या कण्याच्या पोटात. मग कण्याभोवती लोखंडी तुळया आणि मजले बसवत जायचे. आणि अंगावर घालायला काच. बाहेरून काच, आत पातळ पत्र्यासारखे तक्ते, तेही स्क्रूने बसवलेले. ओळंबा म्हणायचा, "ही इमारत बांधत नाहीत, शिवतात." भिंत म्हणावी अशी भिंत फक्त एका जागी राहिली होती. प्रत्येक मजल्यावर कण्याला चिकटून एक पाइपांची खोली होती, नऊ फूट लांब, सहा फूट रुंद. तळापासून गच्चीपर्यंतचे पाइप त्यातून जायचे. आग लागली तर ती तिथून वर चढू नये म्हणून तेवढ्या खोलीला ब्लॉकची पक्की भिंत हवी. म्हणजे जिथे जन्मात कुणी बघणार नाही तिथे याची कारागिरी. पण हा तिथेसुद्धा सांधा असा काढायचा की रेघ मारून घ्यावी.

अडचण अशी की या खोल्यांसमोरच्या बोळात काचांची खोकी उभी करून ठेवलेली असत. भिंत आणि खोकी यांच्यामध्ये जेमतेम कोपराएवढी जागा. तिथे उभं राहून काम करायचं कसं? म्हणून ओळंबा आतून बांधायचा. ब्लॉक आदल्या दिवशी आत रचून ठेवायचे, आपण आत उभं राहायचं आणि हात पलीकडे वाकवून बाहेरचा सांधा न बघता, नुसत्या बोटांनी साफ करायचा. हे आताच्या गवंड्यांना येत नाही. त्यांना भिंत समोरून लागते. म्हणून तर याला ठेवला होता. भिंत वर तुळईला भिडली की पाठीमागे कण्यात एक लहानशी झडप असायची, गुडघ्यावर बसून निघता येईल एवढी. तिथून पलीकडच्या मोरीत बाहेर पडायचं. बावीस मजले हा असाच आतून बांधत आणि मागून निघत वर आला होता.

मग वरून कागद आला. पंचावन्नच्या पुढच्या माणसाने दहाव्या मजल्याच्या वर काम करायचं नाही. ओळंबा अठ्ठावन्नचा. त्या रात्री जेवताना तो समोरच्या झुकलेल्या भिंतीकडे बघत राहिला. लेकीने ते बघितलं. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या जबाबदारीवर लिहून दिलं: नजर चांगली, तोल चांगला, ध्यान चांगलं, यांना वर राहू द्यावं. खाली सही केली. मोठ्या साहेबांनी भुवई वर केली, पण कागद ठेवून घेतला. म्हणाले, "पुढच्या महिन्यात मी तेविसावा मजला स्वतः बघायला येतो. मग ठरवू, राहू द्यायचं की नाही."

तो दिवस उजाडला. साहेब चारला येणार होते.

सकाळी सातला फाटकापाशी सगळ्यांना उभं करून मॅडमने रोजच्यासारखी सूचना दिली. वाऱ्याचा जोर, क्रेन कुठून फिरणार, कुठली बाजू उघडी. ओळंबा पहिल्याच रांगेत उभा. लेक बोलते कशी, ते तो बघत होता. आवाज कसा खणखणीत, एवढे दांडगे पुरुष कसे मुकाट ऐकतात, हेल्मेटखालून केस कसे सुटलेत, सकाळी दूधसुद्धा न घेता निघाली. बोलते कशी ते सगळं बघून झालं. काय बोलते, ते राहिलं.

आणि ती बोलत होती ते याच्यासाठीच होतं. "तेविसावा मशिनचा मजला आहे, ऑफिसांचा नाही. नकाशा वेगळा आहे. खालच्यासारखा धरून चालू नका. बघा, मगच हात घाला."

आठला याने थापी हातात घेतली. पट्टा काढून उघड्या बाजूच्या कठड्याला अडकवला, कारण पाइपांच्या खोलीत पडायला जागाच नव्हती. डबा, शर्ट आणि फोन पिशवीत घालून पिशवी पट्ट्याखाली ठेवली. खालच्या मजल्यावरून पाइपाच्या फटीतून वायर वर ओढून बल्ब लावला आणि खोलीत शिरला. बहात्तर ब्लॉक मोजून मागवले होते. एक जास्त नाही, एक कमी नाही. ही त्याची ऐट. थर चढत गेले. गुडघा, कंबर, छाती. मग घोडीवर उभा राहिला. बाहेरचा उजेड आधी खिडकीएवढा राहिला, मग पाटीएवढा, मग पत्राच्या पेटीच्या फटीएवढा. बहात्तरावा ब्लॉक त्याने मसाला लावून हलकेच आत सरकवला, हाताच्या मुठीने दोनदा ठोकला, ओळंबा सोडला. दोरी भिंतीला अशी समांतर की केससुद्धा मध्ये जाऊ नये.

"वा," तो स्वतःलाच म्हणाला. थापी पुसली, घोडी मिटली, आणि निघायला मागे वळला.

मागे काँक्रीट.

त्याने बल्ब पुढे धरला. डावीकडे काँक्रीट. उजवीकडे काँक्रीट. हाताने चाचपलं, जणू झडप लाजून लपली असेल. मशिनच्या मजल्यावर मोरी नव्हती. मोरी नाही तर तिच्यात उघडणारी झडप कुठली? पाइप वरखाली जात होते, पण त्यांच्या भोवतीची फट हात जाईल एवढीच. ओळंबा उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसला आणि आपण बांधलेल्या भिंतीकडे बघू लागला. कोळी जाळं विणतो तोही एक दोरा धरून बाहेर राहतो. हा कोळ्याहून हुशार निघाला.

तसं म्हटलं तर सुटणं अवघड नव्हतं. ब्लॉक हलके होते आणि कापायची करवत त्याच्या पायाशीच पडली होती. पाच मिनिटांत डोकं जाईल एवढं भोक पाडता आलं असतं. पण मग ते भोक बुजवायचं कशाने? कापलेला ब्लॉक परत बसत नाही, आणि शिल्लक एकही नव्हता. खाली जाऊन मागायचे तर मुकादम विचारणार, कशाला? आणि मुकादमाला कळलं म्हणजे दवंडीच. चारला साहेब येणार, भिंतीला भोक बघणार, आणि मॅडमच्या सहीच्या वर जे "ध्यान चांगलं" लिहिलं होतं त्यावर बोट ठेवणार. बाप गेला तर गेला, लेकीचा शब्द जाणार. उद्या तिने कुणाला काही सांगितलं तर लोक म्हणणार, आधी घरचा गवंडी सांभाळ.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बराच वेळ विचार करून त्याने ठरवलं, गप्प बसायचं. चारला साहेब येतील, भिंत बघतील, खूश होऊन जातील. मग सगळे खाली गेले की करवत काढायची. तोवर तीन तास. माणूस लग्नात याहून जास्त वेळ गप्प बसतो.

पण बसायला लागल्यावर कळलं की तीन तास किती लांब असतात. पाय पसरावे तर पाइप. उभं राहावं तर घोडी. फटीतून खालच्या मजल्यावरचा वारा यायचा, त्याबरोबर जेवायला खाली निघालेल्यांच्या हसण्याचा आवाज. त्यांचं जग एका वितीच्या फटीपलीकडे, आणि याला तिथे हातापलीकडे काही नेता येत नव्हतं. त्याला पलंगासमोरची भिंत आठवली. एकतीस वर्षं तीही अशीच छातीवर वाकून उभी होती. तेव्हा निदान शिव्या घालायला घरमालक होता. इथे कुणाला घालणार? भिंत तर सरळ होती.

दीडला बाहेर त्याचा फोन वाजला. रोज दीडला बायको विचारायची, "जेवलात का?" फोन वाजून वाजून थांबला. परत वाजला. परत थांबला. आपल्या घरचा फोन दहा हातांवर वाजतोय आणि आपण असून नसल्यासारखे, हे त्याला फार विचित्र वाटलं. आपण मेल्यावर असंच वाजत असेल, असं मनात येऊन गेलं, आणि त्याने ते झटकलं.

तिकडे खाली फाटकापाशी जेवणाच्या सुट्टीत मॅडम माणसं मोजत होती. वर गेले एकशे चौदा, खाली आले एकशे तेरा. तिने परत मोजले. मग मुकादमाला घेऊन ती वर आली. पिंजऱ्यासारखी बाहेरची लिफ्ट तेविसाव्यावर खडखडत थांबली, ते ओळंब्याने आतून ऐकलं. त्याने बल्ब विझवला. का विझवला, त्याचं त्यालाही कळलं नाही. चोराच्या मनात चांदणं.

"मिस्त्री?" लेकीचा आवाज. "मिस्त्री, कुठे आहात?"

हा श्वास धरून बसला.

मुकादम म्हणाला, "विडी ओढायला गेला असेल वरती कुठे."

"ते ओढत नाहीत."

"सगळे बाप लेकींना हेच सांगतात मॅडम."

"मुकादम, तोंड कमी, डोळे जास्त चालवा."

पावलं बोळात आली. अगदी भिंतीपाशी. तिचे बूट खोक्यांना घासले. बापलेकीच्या मध्ये आता सहा इंच होते. ओळंब्याला तिचा श्वास ऐकू येत होता, जिने चढून आल्यासारखा. तिने भिंतीवर तळहात ठेवला असावा, कारण ती म्हणाली, "भिंत झालीय. ओली आहे अजून. म्हणजे इथेच होते."

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला.

पावलं आवाजाकडे धावली. उघड्या बाजूकडे. तिथे काच अजून बसली नव्हती, नुसता दोराचा कठडा होता आणि पलीकडे तेवीस मजल्यांची हवा. फोन वाजायचा थांबला आणि मग काहीच ऐकू येईना. ओळंबा आत बसून कान देत होता आणि एकदम त्याच्या लक्षात आलं की ती काय बघते आहे. पिशवी. शर्ट. डबा, न उघडलेला. आणि कठड्याला लटकलेला पट्टा, ज्यात माणूस नाही.

"बाबा!"

चार वर्षांत साइटवर तिने हा शब्द उच्चारला नव्हता. तो आवाज सेफ्टी ऑफिसरचा नव्हता. गर्दीत बोट सुटलेल्या पाच वर्षांच्या पोरीचा होता.

"बाबा! मुकादम, खाली बघा, जाळीत बघा... मला बघवत नाही, तुम्ही बघा..."

ओळंबा उठला तो बादलीला अडखळून घोडीवर आदळला. दोन्ही मुठींनी भिंत बडवू लागला. "इथंय! अगं इथंय मी! पडलो नाही, पोरी! भिंतीत आहे!"

बाहेर पावलं थबकली. मग मुकादमाचा आवाज, हळू आणि घाबरलेला. "मॅडम, भिंत बोलली."

"बाबा?" ती धावत आली. "आत? आत कसे गेलात?"

"गेलो नाही. राहिलो."

"झडप..."

"झडप नाही इथे."

"मी सकाळी सांगितलं होतं! नकाशा वेगळा आहे म्हणून! तुम्ही पहिल्या रांगेत होतात!"

"होतो. तुझ्याकडे बघत होतो."

पाठ भिंतीला टेकवून ती बोळात खाली बसली असावी, कारण पुढचा आवाज त्याच्या गुडघ्याच्या उंचीवरून आला. हसत होती की रडत होती ते ब्लॉकमधून कळेना. मुकादम मात्र हसतच होता. "चाळीस वर्षांचा गवंडी आणि स्वतःलाच चिणून घेतलं! अहो, पूर्वी राजे लोक दुसऱ्यांना चिणायचे."

"मुकादम, तुझं हसून झालं की सांग," ओळंबा आतून म्हणाला. "मी कुठे जात नाही."

हसणं ओसरल्यावर मुकादम कामाचं बोलला. माणूस तोंडाळ होता, पण वाईट नव्हता. "हे बघा मॅडम, एकोणिसाव्यावर जादाचे ब्लॉक पडलेत. यांना काढू, तीन ब्लॉक वर आणतो, खोकी जरा सरकवून भोक बुजवू. चारच्या आत भिंत जशीच्या तशी. बघितलं कुणी? तुम्ही आणि मी. लिहायची गरज नाही."

ओळंबा वाट बघत होता. तिने "हो" म्हणावं असं त्याला फार वाटत होतं. आणि ती "हो" म्हणेल याची त्याला तेवढीच भीतीही वाटत होती. तिच्या हातात तिची वही असणार. कुणाला खरचटलं तरी तिला त्यात लिहावं लागे. त्या वहीमुळेच एवढे दांडगे पुरुष तिचं मुकाट ऐकत.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "मी लिहिलं तर उद्यापासून तुम्हाला वर येता येणार नाही."

"ठाऊक आहे."

"मग सांगा ना, काय करू?"

असं तिने दहावीनंतर विचारलं नव्हतं. ओळंब्याने भिंतीवर हात ठेवला. मसाला आता धरायला लागला होता, उत्तम धरायला लागला होता.

"तू मघाशी त्या कठड्यापाशी ओरडलीस, ते मी ऐकलं," तो म्हणाला. "मी इथं गप्प बसलो होतो, भिंत वाचवायची म्हणून. फोन वाजत होता, तू हाका मारत होतीस, तरी गप्प. उद्या माझ्यासारखाच कुणी शहाणा आत राहील आणि बाहेर त्याची लेक नसेल. लिही."

"पण..."

"मॅडम, लिहा." आणि त्याने करवत उचलली.

आपलीच भिंत कापताना हात चालत नाही म्हणतात, पण चालला. वरचे दोन आणि खालचा एक, असे तीन ब्लॉक निघाले. डोकं बाहेर आलं, खांदे आले, आणि कंबरेपाशी ओळंबा अडकला. खोकी जराशी सरकवून एका बाजूने मुकादम ओढतोय, वरून हा "हळू, सांधा तुटेल" म्हणून ओरडतोय. लेक म्हणाली, "सांध्याचं मरू दे, पोट आत घ्या!" तिघेही पांढऱ्या भुकटीने माखून निघाले. बाहेर आल्यावर लेकीने आधी त्याला पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोरात, मग पाण्याची बाटली दिली, आणि मग खोक्यावर बसून लिहायला घेतलं. अक्षर वेडंवाकडं आलं. ओळंब्याला वाचायला वेळ लागायचा, पण त्याने ती वही हातात घेऊन शेवटपर्यंत वाचली आणि खाली सही केली.

चारला मोठे साहेब आले. वही वाचली. भोकातून आत डोकावले. मग वाकून खालच्या थरांकडे बराच वेळ बघत राहिले.

"बाहेरचा सांधा आतून काढलाय हा? न बघता?"

"हो साहेब."

"असं काम मी फार दिवसांत बघितलं नाही," साहेब म्हणाले. आणि खिशातून पेन काढून वहीत लिहिलं की गवंड्याला उद्यापासून तळमजल्यावर घ्यावं. दोन्ही गोष्टी त्यांच्या मनापासूनच होत्या. मॅडमकडे वळून म्हणाले, "तुम्ही स्वतःहून लिहिलंत, हे बरं केलंत." ती "हो" म्हणाली. बापाकडे तिने बघितलं नाही.

आता ओळंबा तळमजल्यावरच्या पत्र्याच्या खोलीत बसतो. हत्यारं द्यायची, हत्यारं परत घ्यायची, सही करून घ्यायची. उन्हाळ्यात पत्रा तापतो, पावसाळ्यात वाजतो. खिडकी एकच, आणि तीही हातोडा सरकेल एवढी. त्यातून मनोरा दिसत नाही, मनोऱ्याचे पाय तेवढे दिसतात. लेक सकाळी जाताना खिडकीत डोकं घालून विचारते, "बरं चाललंय ना?" हा म्हणतो, "फार बरं. इथून पडायची सोय नाही."

तिने त्या दिवसानंतर एक नियम केला. शेवटचा ब्लॉक बसवायच्या आधी गवंड्याने थांबायचं, मागे बघायचं आणि मोठ्याने ओरडायचं, "मी बाहेर!" कुणीतरी उत्तर दिलं की मगच ब्लॉक लावायचा. आधी गवंडी हसले, मग लाजले, आता सवयीने ओरडतात. वरच्या मजल्यांवरचं खाली ऐकू येत नाही, मध्ये वारा आणि क्रेन. पण खालच्या दोनतीन मजल्यांवर काही दुरुस्ती निघाली की हाळी पत्र्यापर्यंत पोचते.

परवा अशीच आली. "मी बाहेर!" खिडकीशी प्लंबर पाना घ्यायला उभा होता. ओळंबा वही उघडता उघडता थांबला आणि पुटपुटला, "मी आत."

"काय म्हणालात?" प्लंबरने विचारलं.

"काही नाही," ओळंबा म्हणाला, आणि वही त्याच्यापुढे सरकवली. "इथं सही कर. आणि पाना संध्याकाळी पुसून आण."